दगा की कावा? एका शब्दाचा निवाडा

१. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जे घडले, त्यावरून दरवर्षी समाजमाध्यमांत एकच वाद पेटतो : दगा कोणी केला? दोन्हीकडून दाखले फेकले जातात. पण ‘दगा’ म्हणजे नेमके काय, हे क्वचितच कोणी विचारतो. माझे मत असे की या वादातला निम्मा गोंधळ इतिहासाचा नसून शब्दाचा आहे. म्हणून आधी शब्द पाहू आणि मग महाड-पोलादपूरच्या डोंगरांत शिरू.

२. फसवणुकीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘ठक’ हा त्यांतला जुना. संस्कृतात ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, आणि ‘स्थग’ म्हणजे लबाड मनुष्य. त्यापासून प्राकृतमार्गे ठग आणि ठक आले. आपण सभा ‘स्थगित’ करतो, तो शब्दही याच धातूचा. ‘फसवणे’ हे ‘फसणे’चे प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला अडकवणे. ठकाच्या मुळाशी लपवणे आहे, तर फसवणुकीच्या मुळाशी सापळा.

३. ‘दगा’ आपल्याकडे फारसीतून आला. ‘बाज’ म्हणजे खेळणारा, म्हणून दगाबाज. आता आपण हा शब्द कसा वापरतो ते पाहा. पावसाने दगा दिला. ऐन नांगरणीत बैलाने दगा दिला. चढावर गुडघ्याने दगा दिला. ज्याच्यावर आपली भिस्त होती, त्याच्याच नावापुढे हे क्रियापद येते. उघड वैऱ्याने रणात वार केला, तर ‘त्याने दगा दिला’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे दग्याला आधी विश्वास लागतो. विश्वास नसेल, तर फसवणूक होईल, चकवा होईल, पण दगा होणार नाही.

४. ‘कावा’ या शब्दाची गोष्ट निराळी. घोड्याला वर्तुळात फिरवणे, त्याला रिंगण घालायला लावणे, हा त्याचा मूळ अर्थ. सरळ अंगावर न जाता वळसा घालून येणे, यावरून डावपेच हा अर्थ आला. पुढे त्याच शब्दाचा ‘कावेबाज’ झाला आणि त्याला लबाडीचा वास चिकटला. ‘गनीम’ हा मूळचा अरबी शब्द, लुटीशी संबंधित. फारसीत त्याचा रूढ अर्थ शत्रू. मोगली कागदपत्रांत मराठ्यांना गनीम म्हटले जाई. शब्दशः पाहिले तर ‘गनिमी कावा’ म्हणजे शत्रूचा डाव. ज्या जोडशब्दाचा आपण अभिमान बाळगतो, तो समोरच्याच्या नजरेतून घडलेला आहे.

५. आता भूमीकडे वळू. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागले की जावळीचे रान समोर येते. अफजलखानाचा तळ वाईला होता. मोकळ्या मुलखात त्याच्या फौजेशी गाठ घेणे शिवाजीराजांना परवडणारे नव्हते. म्हणून ‘आपण भ्यालो आहोत’ असा भास निर्माण करून खानाला डोंगर ओलांडून कोयनेच्या खोऱ्यात, पारच्या बाजूला आणले गेले. रानात मावळे आधीच पेरलेले होते. हा अस्सल कावा होय. खान वैरी म्हणून चालून आला होता. आपल्या बळाविषयी त्याला खरी माहिती देण्याचे बंधन राजांवर नव्हते.

६. प्रश्न उभा राहतो तो भेटीपाशी. ‘कौल’ हाही अरबी शब्द. मूळ अर्थ उच्चारलेले वचन. कोकणात आजही देवाला कौल लावतात, तो हाच. कृष्णाजी भास्कर आणि पंताजी गोपीनाथ या वकिलांमार्फत बोलणी झाली, भेटीच्या अटी ठरल्या, शब्द दिले-घेतले गेले. इथून पुढे जो आधी हात उगारील, त्याचे कृत्य दगा ठरेल. अंगरख्याखालचे चिलखत ही सावधगिरी आहे. भेटीला आलेल्या कस्तुरीरंग राजाला खानाने ठार केल्याची हकीकत जदुनाथ सरकारांनी नोंदवली आहे. अशा माणसासमोर चिलखताशिवाय कोण जाईल?

७. आधी वार कोणाचा? शिवभारत आणि सभासदाची बखर म्हणतात, खानाचा. शिवभारत राजांच्या हयातीतले. सभासदाने बखर १६९७च्या सुमारास लिहिली. १८२६ साली ग्रँट डफने आपल्या इतिहासात नेमके उलटे चित्र रंगवले आणि इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी तेच वाचले. शिवभारत आणि सभासद राजांच्या पक्षाचे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही काळाने जवळची ही साधने बाजूला ठेवण्याइतका सबळ पुरावा माझ्या पाहण्यात नाही. म्हणून दग्याचा आरोप मी खानाकडेच ठेवतो.

८. मात्र हीच फूटपट्टी आपल्या बाजूलाही लावली पाहिजे. १६५६चे जावळी प्रकरण घ्या. सभासद सांगतो की रघुनाथ बल्लाळ सबनीस हेजीब, म्हणजे वकील, म्हणून गेले आणि त्यांनी चंद्रराव मोऱ्यांना कट्यारीने मारले. जेधे शकावलीतील चित्र वेगळे आहे : जावळी पडल्यावर चंद्रराव रायरीवर होते आणि पुढे मध्यस्थी होऊन गडाखाली उतरले. रायरी म्हणजे आजच्या महाड तालुक्यातील रायगड. माझा कल शकावलीकडे आहे. पण सभासदाची हकीकत खरी मानायची, तर तिला दगाच म्हणावे लागेल, कारण वकिलाच्या येण्यातच अभय गृहीत असते. आवडत्या प्रसंगासाठी सभासद प्रमाण आणि अडचणीच्या प्रसंगी तोच अविश्वसनीय, असे करायचे असेल तर कारण द्यावे लागते.

९. हा शब्दच्छल नाही. आज पक्ष बदलणारा पुढारी स्वतःच्या कृतीला ‘गनिमी कावा’ म्हणतो. ज्या मतदारांना त्याने शब्द दिला होता, ते त्याचे गनीम होते काय? बँकेचा माणूस म्हणून फोन करून एखाद्या म्हातारीची जमापुंजी उडवणाऱ्याला बातमीत कौतुकाच्या सुरात ‘ठकसेन’ म्हटले जाते. खरे तर तो तिच्या विश्वासावर जगतो. तो दगाबाज आहे. कावा बलाढ्य वैऱ्याशी खेळतात. भाबड्या, विसंबलेल्या माणसाशी खेळला जातो तो दगा. हे दोन शब्द एक झाले, तर राजांचे रणकौशल्य लबाडीच्या पंगतीत बसते आणि लबाडाला आयती प्रतिष्ठा मिळते.

१०. शिवभारताचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरातच आहे. प्रतापगडाकडे जाणाऱ्या अनेक गाड्या त्या गावातून न थांबता पुढे जातात. पुढच्या खेपेला तिथे उतरा. आणि ‘दगा’ हा शब्द लिहिण्यापूर्वी एवढे तपासा : वचन कोणी कोणाला दिले होते, ते मोडले कोणी, आणि हे आपल्याला सांगतो आहे कोण.