चळवळीचा हिशेब कोण देणार ?

विद्यार्थ्यांची खरी परीक्षा चळवळ चालू असतां होत नाहीं. ती चळवळ थांबल्यावर होते. मोर्चांत घोषणा देणें सोपें आहे. मोर्चा पांगल्यावर त्यांत सर्वांच्या मागून चालणाऱ्या माणसाच्या पदरांत काय पडलें, याचा हिशेब मांडणें कठीण. आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांचीं मुलें आज कॉलेजांत जात आहेत, संघांचे सभासद होत आहेत. म्हणून आसाम प्रांतांतील हकीकत आम्ही त्यांच्यापुढें ठेवतों.

सन १९७९ सालीं मंगलदोई मतदारसंघाच्या यादींत परदेशी लोकांचीं नांवें घुसलीं आहेत अशी ओरड झाली आणि अखिल आसाम विद्यार्थी संघानें मोठी चळवळ उभारली. ती सहा वर्षें चालली. संघाच्या यादीप्रमाणें तींत ८५५ जणांनीं प्राण दिले. १५ ऑगस्ट १९८५ रोजीं दिल्ली सरकारशीं करार झाला. दोनच महिन्यांनीं पुढाऱ्यांनीं आसाम गण परिषद हा पक्ष काढला, डिसेंबरांत निवडणूक जिंकली, आणि संघाचे अध्यक्ष प्रफुल्लकुमार महंत वयाच्या ३३ व्या वर्षीं मुख्यमंत्री झाले. संघाचे सरचिटणीस भृगुकुमार फुकन यांजकडे गृहखातें आलें.

विद्यार्थ्यांनीं राज्य हातीं घेतलें याचा आम्हांस विषाद नाहीं. पण पुढें काय झालें ? बोडो लोक चळवळींत बरोबर होते. करारांत ‘आसामी जनतेच्या’ संरक्षणाचें कलम आलें, तेव्हां या जनतेंत आपण आहोंत कीं नाहीं, अशी शंका त्यांस पडली. नव्या राज्यांत शाळांतून आसामी भाषा सक्तीची करणारें परिपत्रक निघालें. रानांतील जमिनींवरून आदिवासींस उठविण्यांत आलें. अखेर मार्च १९८७ मध्यें उपेंद्रनाथ ब्रह्म यांच्या पुढारीपणाखालीं बोडो विद्यार्थी संघानें निराळ्या राज्यासाठीं चळवळ सुरू केली. काल गाऱ्हाणें सांगणाऱ्यांस आज दुसऱ्याचें गाऱ्हाणें ऐकूं येईना !

याहून काळीकुट्ट गोष्ट नेलीची. चळवळ भरांत असतां, १८ फेब्रुवारी १९८३ रोजीं, नेली व आसपासच्या खेड्यांत बंगाली मुसलमान शेतकऱ्यांची कत्तल झाली. सरकारी आंकडाच १८०० हून अधिक आहे. मेलेल्यांत बायका व पोरेंच फार. या कत्तलीबद्दल एकालाही शिक्षा झाली नाहीं. नांगर धरणारे हात कोणत्याही धर्माचे असोत, ते आमचेच हात आहेत. चळवळीनें आपले हुतात्मे मोजले, हे कोणीं मोजावे ?

पुढें १९९० सालीं राज्य गेलें, आणि १९९१ सालीं पक्षांत फूट पडून फुकन निराळे झाले. विद्यार्थी संघ मात्र पक्षांत विरून गेला नाहीं, ही गोष्ट चांगली झाली. करारास चाळीस वर्षें उलटलीं तरी त्यांतील सहावें कलम पुरें करा, हें सांगावयास तो उभा आहे. सगळेच दिवाणखान्यांत गेले असते, तर दारांत उभें राहून विचारणारा कोण उरला असता ?

तेव्हां आमच्या तरुणांस आमचें सांगणें एवढेंच : चळवळ संपली म्हणजे संघ मोडूं नका, व तो कोणाच्या खुर्चीच्या पायालाही बांधूं नका. ज्यास निवडणूक लढवावयाची असेल त्यानें संघाचें पद आधीं सोडावें. जमलेल्या पैशाचा जमाखर्च गांवच्या चावडीवर वाचून दाखवावा. आणि आपल्या चळवळींत दुसऱ्या गरिबाचें घर जळालें असेल, तर त्याचेंही नांव यादींत लिहावें.

आईबापांसही एक शब्द. पोरगा मोर्चाहून परत आला म्हणजे त्याच्या गळ्यांत हार किती पडले हें विचारूं नका. महारवाड्यांत, धनगराच्या वाड्यावर, विणकराच्या मागापाशीं तूं नंतर गेला होतास काय, एवढें विचारा. तो गेला नसेल, तर चळवळ अजून अर्धीच झाली आहे असें समजावें.