शब्दांचा खेळ आणि भाषेची शिस्त

चार अनोळखी माणसांनी मिळून एक कथा रचावी, प्रत्येकाने एकेक पात्र पत्करावे आणि त्या पात्राचे बोलणे-वागणे लिहून कथेचा धागा पुढच्याच्या हाती द्यावा, असा एक खेळ इंटरनेटवर जगभर चालतो. त्याचे मूळ जुने आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे वठविण्याचा खेळ प्रसिद्ध केला. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी तसाच खेळ संगणकावर, केवळ शब्दांच्या आधारे, अनेकांना एकाच वेळी खेळता येईल अशी सोय केली. आज मोबाइलमुळे परळीच्या वा अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यालाही त्याची दारे उघडी आहेत. मात्र पुष्कळ दारांवर एक अट लिहिलेली असते : इंग्रजी स्वच्छ हवे. ही अट रास्त की अन्यायाची?

खेळातही व्याकरण कशाला, असे काहींना वाटते. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनी इतरांना बाहेर ठेवण्यासाठी घातलेले हे कुंपण आहे, असे दुसरे म्हणतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे; तथापि दोहोंतही प्रश्नाचे मर्म निसटते.

अर्थशास्त्रात एक साधा विचार शिकवितात. कारखान्याने मळी ओढ्यात सोडली तर त्याचा खर्च वाचतो, पण तो नाहीसा होत नाही. ओढ्याकाठच्या गावाच्या माथी बसतो. निष्काळजी लेखनाचे असेच आहे. लिहिणाऱ्याने एक मिनिट वाचविले आणि वीस सहखेळाडूंना अर्थ लावण्यास दोन-दोन मिनिटे लागली, तर एका मिनिटाच्या बचतीसाठी चाळीस मिनिटे खर्ची पडली. एकट्याच्या रोजनिशीत कोणी कसेही लिहावे. सहलेखनात मात्र पुढचे वाक्य दुसऱ्याला लिहावयाचे असते. मागचे कळले नाही तर त्याचा हात थांबतो आणि खेळच मोडतो. तेव्हा सुबोधता हे येथे भूषण नव्हे, सोबत्याचे देणे आहे.

मग कोणत्या चुका अडवाव्यात? ‘त्याने त्याच्याकडे पाहिले आणि तो निघून गेला’ हे वाक्य घ्या. व्याकरणात दोष नाही, पण गेला कोण? पुढचा लेखक चुकीच्या पात्राला घराबाहेर काढील आणि कथा विस्कटेल. इंग्रजीत तर मराठी मुलांसाठी आणखी सापळे आहेत. मराठीत ‘ए’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून आपली मुले ती गाळतात वा अदलाबदल करतात. वास्तविक ‘ए मॅन’ म्हटले की कथेत नवा माणूस येतो आणि ‘द मॅन’ म्हटले की आधीचाच परततो. एवढ्याशा अक्षराने पात्रांची संख्या बदलते. उलट मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा सूक्ष्म भेद आहे, इंग्रजीतील ‘वुई’ दोहोंना पोटात घेते. म्हणून ‘आम्ही निघालो’ म्हणताना समोरचा त्यात आहे की नाही, हे इंग्रजीत वेगळे सांगावे लागते.

याउलट ‘ही गोज’ऐवजी कोणी ‘ही गो’ लिहिले तर कानाला खटकते, पण अर्थ बुडत नाही. स्पेलिंगमधील एखादे अक्षर चुकले तरी वाचक अडत नाही. अशा चुकांवरून एखाद्याला दाराबाहेर काढणे म्हणजे त्याची भाषा नव्हे, त्याची शाळा तपासणे होय. दिशाभूल करणारी चूक आणि केवळ खटकणारी चूक, यांत फरक करील तोच नियम न्याय्य म्हणावा.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. महानुभाव पंथाचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या अनुयायांकडून आठवणी गोळा करून सिद्ध केला. अनेकांच्या स्मृतीतून घडलेले ते कार्य होते. त्याच पंथाच्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात रचना करू पाहणाऱ्या केशवराजांना थांबविल्याची कथा ‘स्मृतिस्थळा’त आहे. साध्यासुध्या म्हाताऱ्या वंचित राहतील, हे त्यांचे कारण. लिहिणाऱ्याच्या विद्वत्तेपेक्षा वाचणाऱ्याची गरज मोठी, हा निवाडा तेराव्या-चौदाव्या शतकातील आहे.

आमच्या वर्गांत मात्र नेमके उलटे चालते. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तरी पुष्कळ विद्यार्थी ते गाइडमधून पाठ करतात आणि परीक्षकासाठी लिहितात. परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. त्यामुळे न कळणारे वाक्यही गुण मिळवून जाते. सहखेळाडूला पुढचे काहीच ठाऊक नसते. त्याला कळेल असे लिहिणे ही खरी परीक्षा होय. आता यंत्राकडून इंग्रजी सुधारून घेता येते, हे खरे. पण दोन माणसांपैकी कोण निघून गेला, हे लिहिणाऱ्यानेच ठरविले नसेल तर यंत्र फार तर सफाईदार संदिग्धता देईल.

म्हणून महाविद्यालयांनी आठवड्याचा एक तास अशा सहलेखनाला द्यावा. पाच विद्यार्थ्यांनी एक कथा पुढे न्यावी, आधी मराठीत, मग इंग्रजीत. नियम एकच : पुढच्याला अर्थ विचारावा लागला तर मागच्याने वाक्य पुन्हा लिहावे. यास अनुदान नको, नवे पाठ्यपुस्तक नको. आणि जे असे खेळ चालवितात त्यांनी दारावरची पाटी बदलावी. ‘इंग्रजी निर्दोष हवे’ याऐवजी ‘सोबत्याला कळेल असे लिहा’ एवढेच म्हणावे. पहिल्या पाटीने आमची मुले परततील. दुसरीने ती लिहू लागतील.