ऱ्हस्व-दीर्घाचा डाव

सुट्टीत मुलांच्या हातचा मोबाइल काढून घ्या, असं आम्हीही आजवर सांगत आलो. या अंकात मात्र विचारतो आहोत, की त्याच मोबाइलवरच्या खेळांतून शुद्धलेखन घोटून घेता येईल का?

प्रश्न आत्ताच निघाला, कारण आता शब्द कीबोर्डच सुचवतो. आपण फक्त बोट लावतो. 'मूल' दीर्घ पण 'मुलाला' ऱ्हस्व, 'गरीब' पण 'गरिबाला' हे ठरवायची वेळच येत नाही. साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम पाठ असणारेही लिहिताना अडखळतात. हात बसतो तो सरावानेच. हा सराव वहीत रटाळ होतो. खेळात तो खपून जातो, शिवाय चूक जागच्या जागी कळते.

२०२१मध्ये आलेल्या आणि इंग्रजीत गाजलेल्या 'वर्डल' या शब्द ओळखण्याच्या खेळाचा साचा मराठीला सरळ बसत नाही. एका चौकटीत अख्खं जोडाक्षर ठेवायचं, की काना-वेलांटी वेगळी मोजायची? ऱ्हस्व-दीर्घाची खरी परीक्षा इथेच आहे, म्हणून अंकात या प्रश्नाला सर्वाधिक पानं दिली आहेत.

विरामचिन्हांच्या खेळांबद्दल आम्ही साशंक आहोत. स्वल्पविरामाच्या जागा अनेकदा दोन असू शकतात, खेळाला एकच उत्तर हवं असतं. आणि चार पर्यायांतून बरोबर रूप टिपणाऱ्याला ते लिहिताही येईलच असं नाही.

तुमचा अनुभव काय? खेळातले गुण कळवू नका. खेळानंतर मुलांनी हाताने लिहिलेला एखादा परिच्छेद पाठवा, चुकांसकट.