जुन्या पद्मिनीत चाइल्ड सीट बसते का?

गेल्या महिन्यात दादाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. काकांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी, नवा रंग, चकचकीत बंपर. खाली मेसेज: “परीला यातूनच गावी नेऊ. आयसोफिक्सवाली चाइल्ड सीट ऑर्डर करतोय, चालेल ना?” परी दोन वर्षांची आहे. मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी घरात ‘इंजिनिअर’ म्हणून असले सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात. दोन दिवस वाचून, गाडीखाली डोकावून कळलं ते असं: सीट बसेल हो, पण बांधायची कशाला?

आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या फटीत, गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या दोन लोखंडी कड्या. चाइल्ड सीटचे हुक त्यात खट्कन अडकतात. हे स्टँडर्ड आलं १९९०च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे पद्मिनीत त्या कड्या असण्याचा प्रश्नच नाही. काकांच्या गाडीत तर मागे सीटबेल्टसुद्धा नाहीत. आणि मागची गादी? ती हाताने उचलली की बाहेर येते. तिला काहीही बांधलं तरी ते गादीसकट पुढे येणार.

“एवढं काय, मी मांडीवर घट्ट धरते ना,” असं आई म्हणाली. म्हणून तिला गणित करून दाखवलं. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १२ किलोच्या परीला रोखायला सरासरी दीडशे किलोपेक्षा जास्त वजन पेलण्याइतका जोर लागेल. कुणाचेच हात एवढं धरू शकत नाहीत.

आता कायदा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९४ब आलं. १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. या कलमाच्या मजकुरात गाडीच्या वयाचा उल्लेखच नाही. मग ज्या गाडीत मागे बेल्टच नव्हते तिचं काय, याचं सरळ उत्तर त्यात सापडत नाही. ब्रिटनमध्ये ते स्पष्ट आहे: गाडी मुळातच बेल्टशिवाय बनली असेल तर तीन वर्षांखालच्या मुलाला त्यात बसवायचंच नाही, त्याहून मोठ्याला फक्त मागे. मला हा नियम आपल्याकडेही हवासा वाटतो. आपल्याकडे नव्या गाड्यांना भारत एनकॅपमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी गुण मिळतात आणि त्यावर रील्स बनतात. जुन्या गाड्यांच्या रील्समध्ये मात्र मूल पुढच्या सीटवर उभं असतं, आणि खाली लाइक्सचा पाऊस.

मग बेल्ट बसवून घ्यायचे का? घेता येतात, पण इथेच सगळ्यात जास्त जुगाड होतो. पत्र्याला भोक पाडून, खाली एक वॉशर टाकून बोल्ट आवळला की काम झालं, असं गॅरेजवाला म्हणेल. युरोपच्या नियमात कमरेच्या बेल्टच्या जोडणीवर २.२ टनांहून जास्त ओढ देऊन चाचणी होते. चाळीस वर्षांचा, मॅटखाली गंजलेला पत्रा एवढं सहन करेल का? आधी मॅट उचला, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर पहिलं काम वेल्डिंगचं. पत्रा ठणठणीत असला तरी खालून जाड मजबुतीची प्लेट हवीच, आणि हे काम बेल्ट बसवण्याचा खरा अनुभव असलेल्याकडूनच करून घ्या.

बेल्ट कुठला, त्यावर सीट ठरते. नुसता कमरेचा बेल्ट असेल तर बूस्टर चालत नाही. त्याला खांद्यावरून येणारा बेल्ट लागतोच, नाहीतर धडकेत मुलाचं डोकं आणि छाती पुढे फेकली जाते. स्वतःचे पट्टे असलेल्या काही सीट्स कमरेच्या बेल्टवर चालतात, पण तसं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तरच. ऑनलाइन मिळणारे कापडी ‘हार्नेस’, ज्यावर कुठलंच प्रमाणपत्र नाही, ते तर विसराच. आपलं मानक एआयएस-०७२. लेबलवर ते किंवा गोलातला युरोपचा ‘ई’ शोधा.

इथे फोन कामाला येतो. आपोआप गुंडाळणाऱ्या बेल्टचं रीळ ठराविक कोनातच बसवावं लागतं. कोन चुकला तर ते सारखं लॉक होतं किंवा वेळेवर लॉकच होत नाही. फोनमधल्या लेव्हल अ‍ॅपने तो कोन किटच्या सूचनेशी ताडून बघा. जुन्या गाद्या मागे कललेल्या असतात, त्यामुळे चाइल्ड सीटचा कलही तसाच तपासा. शेवटी बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवा: २.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा. स्प्रिंगवाल्या मऊ गादीवर आम्हाला हे नक्की जड जाणार आहे.

काकांच्या गाडीत स्क्रूड्रायव्हर डाव्या बाजूला आरपार गेला. दादाने ऑर्डर रद्द केली, पत्र्याचं काम सुरू आहे. तोवर परी वहिनीच्या हॅचबॅकमधून जाते आणि पद्मिनी मागून येते.