नावडतीचे मीठ अळणी

'आवडीला कारण लागत नाही' हे वाक्य आपल्या वाङ्मयीन व्यवहारात इतक्या वेळा आणि इतक्या निर्धास्तपणे उच्चारले जाते की ते केवळ एक मत आहे, आणि तपासून पाहता येईल असे मत आहे, याचाच आपल्याला विसर पडला आहे. प्रस्तुत लेखात ते मी तपासणार आहे. पण बास्केटबॉलच्या मैदानावर. साहित्यात आपण सारेच पक्षकार असतो. परक्या देशातल्या खेळाकडे निदान थोडे अंतर राखून पाहता येते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर बॉस्टनजवळच्या एका उपनगरात धाकट्या भावाकडे होतो. एका रविवारी दुपारी त्याच्याकडे आठ-दहा जण जमले. दोन मराठी कुटुंबे, बाकी शेजारी. जेवणानंतर खेळ निघाला तो असा : बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाच्या इतिहासातून प्रत्येकाने आपले पाच आवडते खेळाडू निवडायचे. हा संघ १९४६ मध्ये स्थापन झाला आणि २०२४ पर्यंत त्याने १८ वेळा विजेतेपद मिळवले, तेव्हा निवडीला वाव भरपूर. अट एकच, 'सर्वोत्तम' नव्हे, 'आवडते'. लॅरी बर्डचे नाव सगळ्या याद्यांत आले. पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट बहुतेकांच्या यादीत होते. आणि ज्याने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवून दिली तो बिल रसेल फक्त एका यादीत आला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका शेजाऱ्याच्या. मी पुतण्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, श्रेष्ठ असेलच तो. पण इथे आवडते विचारलेत. आवडीला काय कारण?"

हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकले होते. कुठे, ते पुढे सांगतो.

आधी पुतण्याच्या बाजूने जेवढे बोलता येईल तेवढे बोलून घेतो. आवडता आणि श्रेष्ठ हा भेद खराच आहे, आणि तो पुसू पाहणाऱ्यांशी माझेही भांडण आहे. रेजी लुईस घ्या. बॉस्टनमधल्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठातून आलेला हा खेळाडू सहा हंगाम सेल्टिक्सकडून खेळला, संघनायक झाला, आणि जुलै १९९३ मध्ये वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्याच्या नावावर एकही विजेतेपद नाही. तरी त्याचा ३५ हा क्रमांक संघाने कायमचा राखून ठेवला. किंवा आयझेया थॉमस. उंची जेमतेम पावणेसहा फूट. एप्रिल २०१७ मध्ये धाकटी बहीण अपघातात गेली, आणि दुसऱ्याच दिवशी तो मैदानात उतरला. पुढे २ मे रोजी, म्हणजे तिच्या जन्मदिवशी, त्याने ५३ गुण केले. त्याच ऑगस्टमध्ये संघाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकले. अशा खेळाडूंचे नाव कुणी यादीत घातले तर त्याला आकडे दाखवून गप्प करणे हा रानटीपणा होय. शोकगीताला आपण कधी त्याच्या कडव्यांची संख्या विचारतो काय?

परंतु इथेच एक गोष्ट लक्षात यावी. लुईस का आवडतो, थॉमस का आवडतो, हे मी आत्ताच सांगितले. म्हणजे आवडीला कारणे होती, ती सांगता आली, आणि सांगितल्याने आवड उणावली नाही. तेव्हा 'कारण लागत नाही' याचा खरा अर्थ 'कारण विचारू नका' एवढाच उरतो. आणि विचारू नका असे आपण कधी म्हणतो? बहुधा उत्तर अडचणीचे असते तेव्हा.

रसेलच्या बाबतीत ते अडचणीचे आहे. १९५६ ते १९६९ या काळात तो सेल्टिक्सकडून खेळला. त्याच्या पहिल्याच हंगामात संघाला पहिले विजेतेपद मिळाले. १९५९ ते १९६६ अशी सलग आठ मिळाली. आणि शेवटची दोन तर तो स्वतः खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत असताना. १९६६ मध्ये प्रशिक्षकपदी आलेला तो या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय. असे असूनही त्या वर्षांत जगज्जेत्या संघाच्या सामन्यांना बॉस्टन गार्डनमध्ये कितीतरी खुर्च्या रिकाम्या असत. रीडिंग या उपनगरातल्या त्याच्या घरात लोक घुसले, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, चषक फोडले, अंथरुणात घाण केली. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन येथे हॉटेलात कृष्णवर्णीय खेळाडूंना खाणे नाकारले गेले, तेव्हा तो आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी सामना न खेळता परतले. पुढे त्याने चाहत्यांना स्वाक्षऱ्या देणे बंद केले. लोक म्हणाले, माणूस तुसडा आहे. तुसडेपणा आधी कुणी केला, हे कुणी विचारले नाही.

दोन समारंभ शेजारी ठेवून पाहावेत. १७ मार्च १९६३ रोजी बॉब कूझी या गौरवर्णीय संघनायकाला निरोप देण्यासाठी गार्डन खच्चून भरले होते. कूझीला रडू आवरेना, आणि गर्दीतून एकाने ओरडून त्याच्यावरचे प्रेम जाहीर केले. जवळजवळ नऊ वर्षांनी, १२ मार्च १९७२ रोजी, रसेलचा सहा क्रमांक राखून ठेवला गेला तो रिकाम्या गार्डनमध्ये, प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांसमोर. आणि तेही रसेलच्याच आग्रहावरून. प्रेक्षकांच्या साक्षीने तो सोहळा व्हायला १९९९ साल उजाडावे लागले.

यावर आकडेवाले तत्परतेने पुढे येतात. त्यांचे म्हणणे, आवड लबाड असते हे आम्ही केव्हाचेच सांगत आहोत. आकडे घ्या, वाद मिटवा. हा दुसरा पक्षही तितकाच भाबडा आहे. रसेलची खरी कला होती ती प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू हवेतच अडवण्याची, आणि अडवलेला चेंडू प्रेक्षकांत न भिरकावता स्वतःच्या सहकाऱ्याच्या हाती जाईल असा वळवण्याची. असे किती चेंडू त्याने अडवले? अधिकृत नोंद शून्य. कारण 'ब्लॉक'ची नोंद ठेवायला या लीगने सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामात, त्याच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी. जे मोजलेच गेले नाही ते आकड्यांत दिसणार कसे? उरतात गुण, ते सामन्यामागे सरासरी १५.१. विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. त्या वर्षी खेळाडूंनी स्वतः मतदान करून सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून निवडला तो मात्र रसेल. आणि त्याच वर्षी वार्ताहरांनी निवडलेल्या पहिल्या आदर्श संघात रसेल नव्हता. त्याला दुसऱ्या संघात बसवले होते. ज्यांना त्याच्यासमोर उभे राहावे लागे त्यांनी एक पाहिले, कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्यांनी दुसरे. आकडे खोटे बोलत नाहीत हे मान्य. पण काय मोजायचे हे आकडे ठरवत नाहीत, माणसे ठरवतात.

आता बर्ड. त्याच्या थोरवीवर शिंतोडे उडवण्याचा माझा हेतू नाही. १९७९ मध्ये तो आला आणि आदल्या हंगामात २९ सामने जिंकलेल्या संघाने ६१ जिंकले. तीन विजेतेपदे, लागोपाठ तीन वर्षे सर्वांत मोलाचा खेळाडू, आणि कुणाला दिसण्याआधी त्याला दिसणारी पासची वाट. हे सारे आवडावे असेच आहे. पण तो आवडायला जग किती सज्ज होते तेही पाहू. तीन गुणांची रेषा त्याच हंगामात आली; चोवीस तास खेळ दाखवू पाहणारी ईएसपीएन वाहिनी त्याच वर्षी सुरू झाली; आणि शाळांतील वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवण्यावरून १९७४ पासून धुमसत असलेल्या शहराला एक गोरा नायक मिळाला. रसेलचे फारच थोडे सामने संपूर्ण चित्रित स्वरूपात उरले आहेत. बर्डचे आजही कुणाही मुलाच्या हातातल्या पडद्यावर चालू असतात.

पुतण्याने मला अभिमानाने दाखवलेली चित्रफीत २६ मे १९८७ ची आहे. डेट्रॉइट एका गुणाने पुढे, शेवटचे पाच सेकंद. बर्ड झेपावून पास पळवतो, मैदानाबाहेर जाता जाता चेंडू आत टाकतो, आणि सामना जिंकला जातो. 'बर्डची चोरी' म्हणून ती प्रसिद्ध आहे. आपण वाङ्मयाचे लोक, संहिता बारकाईने वाचणारे. म्हणून मी ती पुन्हा लावायला सांगितली. बर्डने चेंडू पळवला त्या क्षणी एकच माणूस बास्केटकडे धावत सुटलेला दिसतो, आणि सामना जिंकणारे दोन गुण त्याचे आहेत. त्याचे नाव डेनिस जॉन्सन. आपण ज्यांच्यासोबत खेळलो त्यांत तो सर्वोत्तम, असे खुद्द बर्डचे मत. त्या दुपारच्या एकाही यादीत तो नव्हता. सर्वांनी त्याला शेकडो वेळा पाहिले होते, आणि कुणालाही तो दिसला नव्हता.

माझा पुतण्या वर्णद्वेष्टा नाही. त्याचा स्वतःचा रंग तिथे रोज मोजला जातो. मुद्दा असा की त्याची आवड त्याने घडवलेली नाही, ती त्याला तयार मिळाली. काय दाखवले गेले, काय नोंदले गेले, कुणासाठी टाळ्या वाजल्या, यांतून गाळून जे उरले त्याला तो 'माझे' म्हणतो. नावडतीचे मीठ अळणी, ही आपली म्हण अभिरुचीविषयी बरेच काही सांगून जाते. दोष मिठात नसतो. घास तोंडात जाण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो, आणि तो लावणाऱ्याला वाटते की आपण चव सांगत आहोत.

आता ते वाक्य आधी कुठे ऐकले होते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मी माझ्या दहा आवडत्या मराठी पुस्तकांची यादी मोठ्या झोकात सांगितली. एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, यात एकही बाई कशी नाही?" मी हसून म्हणालो, "अहो, ही आवड आहे. तिला काय कारण?" वर्ग हसला, ती खाली बसली, आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' मी तोवर दोनदा वाचले होते. दोन्ही वेळा अभ्यासक्रमातला 'संदर्भ' म्हणून, हातात पेन्सिल घेऊन. ते आवडूही शकते या शक्यतेने मी ते वाचलेच नव्हते. महत्त्वाचे म्हणून ज्याला आपण एकदा बाजूला काढतो, त्याला आवडण्याची संधी आपण नाकारलेली असते. 'श्रेष्ठ असेलच तो' या पुतण्याच्या वाक्यातला खरा अन्याय हाच होय. अशा वेळी मान देणे ही प्रेम न करण्याची सोय होऊन बसते.

तर मग काय करावे? यादीत रसेलला घातलेच पाहिजे, असा दंडक मी घालत नाही; प्रेम सक्तीने होत नाही. मागणी एवढीच की यादी करणाऱ्याने आपण काय पाहिले नाही, तेही सांगावे. हे अवघड आहे, अशक्य नाही. ज्या कूझीसाठी गार्डन रडले होते, त्याने वयाची पंच्याऐंशी ओलांडल्यावर रसेलला पत्र लिहून खंत व्यक्त केली की त्या वर्षांत आपण सहकारी म्हणून त्याच्या पाठीशी उभे राहायला हवे होते. अर्धशतक उशीर झाला होता. तरी त्याने ते लिहिले.

रसेल २०२२ मध्ये गेला, आणि साऱ्या लीगने सहा क्रमांक कायमचा राखून ठेवला. हा मान त्यापूर्वी कुणालाही मिळाला नव्हता. आदराची कमतरता आता उरलेली नाही. त्या दुपारी मात्र तो एकाच यादीत होता.

ती विद्यार्थिनी केव्हाच पदवी घेऊन गेली. तिच्या प्रश्नाला कारण होते. माझ्या उत्तराला नव्हते. परवा नव्या वर्गाने माझी यादी मागितली, तेव्हा मी सांगितले की सुटीत 'जिणं आमचं' तिसऱ्यांदा वाचत आहे, पेन्सिल न घेता, आणि ते वाचून होईपर्यंत माझ्याकडे यादी नाही.