‘फुकट’ खेळाची किंमत कोण मोजणार?

जालना : ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा मोबाइलवरील खेळ जुलै २०२१ मध्ये भारतात दाखल झाला, तेव्हा क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दोन बंधने जाहीर केली. दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक खेळता येणार नाही आणि दिवसाला सात हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च करता येणार नाही. त्याच हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,७२६ रुपये होता, तर सोयाबीनचा ३,९५०. म्हणजे शाळकरी मुलासाठी ठरविलेली एका दिवसाची ‘सुरक्षित’ मर्यादा भोकरदन किंवा परतूरच्या शेतकऱ्याच्या क्विंटलभर कापसाहून मोठी होती. फुकट म्हणविल्या जाणाऱ्या खेळांचे अर्थकारण समजून घेण्यास हा एक आकडा पुरेसा आहे.

या धंद्याचे गणित साधे आहे. खेळ उतरवून घेण्यास पैसे पडत नाहीत, त्यामुळे गर्दी जमते. यातील बहुतेक जण कधीच पैसे देत नाहीत. कंपनीचे उत्पन्न उरलेल्या थोड्यांवर उभे असते. साहजिकच त्या थोड्यांकडून पुन:पुन्हा पैसे निघावेत, अशीच खेळाची रचना केली जाते. रुपयाऐवजी नाणी, हिरे किंवा ‘यूसी’ असे चलन पुढे येते आणि नेमके किती रुपये गेले याचा हिशेब लागेनासा होतो. त्यातच ‘सवलत संपायला दहा मिनिटे’ असे घड्याळ पडद्यावर टिकटिकत राहते. ‘लूट बॉक्स’ नावाच्या बंद पेटीत काय निघेल, हे तर पैसे भरल्यावरच कळते. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या उपनगरातील एका सोळा वर्षांच्या मुलाने पब्जीच्या नादात आईच्या खात्यातील दहा लाख रुपये उडविल्याचे आणि रागावल्यावर घर सोडल्याचे प्रकरण गाजले होते. मुलगा सुखरूप सापडला. चर्चा मात्र त्याच्या व्यसनाचीच झाली. दहा लाख जाईपर्यंत थांबा न म्हणणाऱ्या विक्रीपद्धतीची झाली नाही.

महाराष्ट्रात या विषयावर रोष उसळला नाही असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू यांनी ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्यातील घरासमोर आंदोलन केले. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो फेटाळला, तरी कृषी खाते त्यांच्याकडून गेले. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी आणली, दोषींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला. ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा लगेच बंद केल्या.

तथापि, हा सारा रोष जुगारावर होता. कायद्याची व्याख्याही ‘जिंकण्याच्या अपेक्षेने’ लावलेल्या पैशाभोवती फिरते. फुकट खेळात पोशाख, बंदुकीचा रंग किंवा पुढची पातळी विकत घेणाऱ्याला पैसे परत मिळण्याचे आश्वासन कोणी देत नाही. ती सरळ विक्री ठरते आणि बंदीच्या कक्षेबाहेर राहते. लूट बॉक्स तर या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. रमीत हरलेल्याला निदान आपण हरलो हे ठाऊक असते. येथे ग्राहकाला आपण काही खरेदी केली, याचीही अनेकदा पुरती जाणीव नसते.

परदेशांत ग्राहकांनी हाच मुद्दा धरला. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या विकतच्या खेळातही पुन्हा पैसे उकळले जात असल्याचे पाहून खेळाडू इतके संतापले, की इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीला खेळातील खरेदी काही काळ बंद ठेवावी लागली. बेल्जियमने २०१८ मध्ये पैशांचे लूट बॉक्स बेकायदा ठरविले. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये फसव्या मांडणीबद्दल ग्राहकांना २४.५ कोटी डॉलर परत देण्याचे मान्य केले. यात खेळ चांगला की वाईट, हा प्रश्नच नव्हता. किंमत लपविली का, एवढेच पाहिले गेले.

भारतातही ही हत्यारे अगदीच नाहीत असे नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांत खोटी घाई निर्माण करणे आणि सतत तगादा लावणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर कंपनी कोठलीही असो, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करण्याची सोय दिली आहे. घनसावंगीच्या ग्राहकाला त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही, जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग पुरेसा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही नाही.

अडचण निराळीच आहे. खेड्यापाड्यांत आईवडिलांचे मोबाइलवरील व्यवहार बहुधा मुलेच करून देतात. रिचार्ज, वीजबिल, पीकविम्याचा अर्ज सारे त्यांच्याच हातून होते. पिनही त्यांना पाठ असतो. पैसे गेले की घरात मार बसतो, शेजारी कळू नये म्हणून विषय दडपला जातो आणि तक्रार करायची असते, हेच सुचत नाही. शिवाय व्यवहार पालकाच्या पिनने झाला, असा युक्तिवाद कंपनीला करता येतोच. शंभर-दोनशे रुपयांच्या गळतीसाठी आयोगाची पायरी कोण चढणार, हाही प्रश्न आहे. अशा हजारो लहान गळत्यांवरच हा धंदा पोसला जातो.

शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना खेळात कार्डाची नोंद न ठेवण्याचा आणि प्रत्येक खरेदी ओटीपीनेच करण्याचा सल्ला दिला होता. सल्ला योग्यच होता, पण त्यात सारी जबाबदारी घरावर टाकली गेली. बाजार समितीत काट्यात खोट निघाली तर शेतकऱ्याला ‘डोळे उघडे ठेव’ एवढेच सांगून कोणी थांबत नाही. काटा तपासला जातो. मोबाइलच्या पडद्यावरील काटाही तसाच तपासला गेला पाहिजे. प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत दिसावी, मुलांच्या खरेदीला पालकाची वेगळी संमती लागावी आणि चुकून गेलेला पैसा विनासायास परत मिळावा, एवढी मागणी काही मोठी नाही. ती लावून धरायची, तर घरातच दडपली जाणारी पहिली तक्रार आयोगापर्यंत पोहोचली पाहिजे.