वाड्यातला खून आणि रिकामी प्लेट

रहस्यकथेचे वेड आमच्या घरात जुने. लहानपणी वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांचे पुस्तक एका दिवसाच्या बोलीवर आणायचे आणि परत करण्याआधी ते चाळीतल्या चार खोल्या फिरून यायचे. झुंजार आणि काळापहाड आम्हाला नातलगांइतके ओळखीचे. मात्र एक गोष्ट तेव्हा ध्यानात येत नसे. बंगल्यात काही घडले की पहिल्यांदा उलटतपासणी व्हायची ती नोकरमाणसांची.

ही रीत विलायतेतली. तिकडे गावाबाहेरच्या वाड्यांच्या रहस्यकथांची मोठी परंपरा आहे. आडबाजूचा वाडा, रात्री मेजवानी, आठ-दहा माणसे आणि सकाळी एक प्रेत. बाहेरचा कोणी आलेला नाही, म्हणजे खुनी आतलाच. अगाथा ख्रिस्ती बाईंची १९२० साली आलेली पहिली कादंबरी अशीच वाड्यातली. त्याआधी १८६८ साली विल्की कॉलिन्स यांची 'मूनस्टोन' आली. त्यातला हिरा आपल्या देशातला, १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हाच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने पळवलेला. पुढे तो यॉर्कशायरच्या वाड्यातून नाहीसा होतो आणि संशय जातो एका मोलकरणीवर, कारण ती पूर्वी तुरुंगात जाऊन आलेली. मूळ लुटारू साहेब, आणि झडती मोलकरणीची! कॉलिन्स यांना यातली खोच पुरती कळत होती, असे आमचे मत आहे.

नंतर तर गंमतच झाली. १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने रहस्यकथेचे वीस नियम छापले. त्यात एक नियम असा, की नोकराला खुनी ठरवू नये. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा बरे वाटले. पण कारण वाचले आणि हसू आले. नोकर खुनी निघणे म्हणजे फार सोपे उत्तर. गुन्हेगार कसा, चांगला दखल घेण्याजोगा माणूस हवा! म्हणजे खून करण्याइतकीही आपली पत नाही.

हे सगळे आठवायचे कारण, मागच्या रविवारी भाच्याने टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा लावला. 'नाईव्ह्ज आउट', २०१९ सालचा, लेखक-दिग्दर्शक रायन जॉन्सन. गोष्ट आजच्या अमेरिकेतली, मोबाईलच्या काळातली, पण थाट जुन्या वाड्याचा. हार्लन थ्रॉम्बी हा रहस्यकथा लिहून गडगंज झालेला म्हातारा. पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या सकाळी त्याचा गळा चिरलेला आढळतो. वरवर पाहता आत्महत्या. तपासाला येतो बेन्वा ब्लांक, म्हणजे डॅनियल क्रेग. पण आमच्या मते सिनेमा त्याचा नाही. तो मार्ताचा आहे.

मार्ता ही म्हाताऱ्याची नर्स. आना दे आर्मास या क्युबात जन्मलेल्या नटीने ती अशी उभी केली आहे की आपल्याच वस्तीतली मुलगी वाटावी. खोटे बोलली की तिला उलटी होते. घरातले सगळे तिला सांगतात, तू आमच्यातलीच. पण ती कोणत्या देशाची, हे एकालाही धड ठाऊक नाही. कोणी इक्वेडोर म्हणतो, कोणी पॅराग्वे, कोणी उरुग्वे. अंत्यविधीला तिला बोलावलेले नाही, आणि जो तो तिला बाजूला घेऊन सांगतो, मी म्हणत होतो ग, बाकीच्यांनी ऐकले नाही.

एक प्रसंग मात्र आमच्या मनातून जात नाही. वाढदिवसाच्या रात्री परदेशातून आलेल्या लोकांवर वाद रंगला आहे. जावईबापू मार्ताला हाक मारून मधे उभी करतात, ही बघा, कशी रीतसर मेहनत करणारी, असे तिचे कौतुक करतात, आणि बोलता बोलता आपली खाऊन झालेली प्लेट न बघताच तिच्या हातात देतात. ती घेते. आमच्या खोलीत त्या वेळी कोणी काही बोलले नाही.

खोलीत आमची भाची होती. ती ब्युरोतर्फे पेशंटच्या घरी बारा तासांची ड्युटी करते. म्हाताऱ्यांना उचलणे, पुसणे, इंजेक्शन, सगळे. ती एवढेच म्हणाली, "मामा, माझा चहाचा कप वेगळा असतो. पण पाहुणे आले की म्हणतात, ही तर आमची मुलगीच."

पुढे मृत्युपत्र उघडते. म्हाताऱ्याने घर, पैसा, पुस्तकांचे हक्क, सगळे मार्ताच्या नावे केलेले. मग काय विचारता! कालपर्यंत लेक म्हणणारे लोक तिच्या आईवर घसरतात, कारण आईकडे कागदपत्रे नाहीत. थोरला नातू हा आमचा वडिलोपार्जित वाडा म्हणून गर्जतो तेव्हा ब्लांक खदखदून हसतो, कारण म्हाताऱ्याने तो १९८० नंतरच्या काळात एका पाकिस्तानी धनिकाकडून विकत घेतलेला! स्वतःच्या हिमतीवर उभे राहिल्याची फुशारकी मारणाऱ्या लेकीचा धंदाही बापाच्या पैशावर सुरू झालेला.

खुनी कोण, ते आम्ही सांगणार नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा घास कशाला हिरावा. एवढेच सांगतो, की त्या रात्री मार्ताच्या हातून औषधाच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असे तिला वाटते, आणि आपणच म्हाताऱ्याला मारले या भीतीने ती पुढचा सगळा वेळ धावते. तिथे आमच्या भाचीने मान हलवली. "हे मला पटत नाही," म्हणाली. का पटत नाही तेही तिने सांगितले. आम्ही तिला गप्प केले, बाई, सिनेमा बघू दे. दीड तासाने ब्लांकने जे सांगितले ते नेमके तेच निघाले. रोज इंजेक्शन भरणाऱ्या हातालाच कळावी अशी गोष्ट होती ती.

या ब्लांकचे पुढे आणखी दोन सिनेमे आले, २०२२ आणि २०२५ साली. ते पाहायचे आहेत. पण रविवार पाहिजे, आणि भाचीला रात्रपाळी नको. त्या दिवशी सिनेमा संपला तेव्हा साडेसहा झाले होते. तिने डबा भरून घेतला, चपला घातल्या, आणि दारात थांबून म्हणाली, "मामा, पुढचा बघाल तेव्हा मला हाक मारा. आधी सांगून ठेवीन."